आधी वाळू द्या

३ मार्च
कापलं! हिचं जेडचं झाड उजेडाकडे इतकं कललं होतं की कुंडीच आडवी व्हायची. ही इस्पितळात, लेकीच्या गावी. साखरेने पायाचं एक बोट घेतलं. माझे गुडघे हे असे, म्हणून मी घर राखतोय.
फोनवर म्हणाली, "शेंडे छाटा आणि लावा. तुकड्यांना आधी वाळू द्या, मग माती."
समोरच्या बांधकामावर गेलो. गवंड्याने डबाभर वाळू दिली. वर हसला — "आजोबा, किल्ला बांधताय?" तुकडे खोचले, भरपूर पाणी घातलं. आली की खूश होईल.

६ मार्च
पानं मऊ पडलीत. तहानली असतील. आणखी पाणी घातलं.

९ मार्च
हात लावला की पान गळतं. देठ खालून तपकिरी. घाण वास! लेकीचा फोन — "बाबा, आईची जखम अजून ओलीच आहे." कुठे कुठे पुरा पडू?

१० मार्च
हिला फोनवर सांगून टाकलं. ताडकन म्हणाली —
"अहो, वाळू द्या म्हणजे वाळत ठेवा! कापलेली जागा सुकली की मग लावायचं. कान आहेत की कुंडीची भोकं?"
हसता हसता तिला ठसका लागला. मला हसू येईना. शाळा चौथीत सुटली, पण एवढं तर कळायला हवं होतं!
म्हणाली, "आता कुजलेलं कापा. हिरवं लागेपर्यंत कापत जा. जीव अडकवू नका."

११ मार्च
नखभर कापलं. पुढे कात्री चालेना. आधीच एवढेसे राहिलेत बिचारे.

१४ मार्च
तुकडे परत काळे! नखभराने काही झालं नाही, हिलाही फोनवर सांगितलं. सगळे गेले, एकच फांदी तग धरून आहे. मन घट्ट करून तिला कापलं — काळं, तपकिरी, मग एकदाचं हिरवं लागलं. दोन पानं उरली. खिडकीत कोरड्या बशीत ठेवलीय. पाणी नाही. हात शिवशिवतात.

१९ मार्च
कापल्या जागी पांढरी खपली धरली! कोरडी ठणठणीत. हिला सांगायला फोन लावला. कुणी उचलत नाही. परत लावला. नाही.

२० मार्च
शेजाऱ्यांच्या गाडीतून इस्पितळात आलो. हिच्या जखमेचं काळं वर सरकलंय. डॉक्टर म्हणतात, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. लेक भिंतीकडे तोंड करून रडतेय. मी हात जोडले — "थोडंच कापा हो."
ही पडल्या पडल्या म्हणाली, "थोडंच थोडंच करून किती तुकडे घालवलेत?"
मग माझा हात धरला.
"हिरवं लागेपर्यंत, अहो."