सुप्याच्या जांभळांची बरणी

मी, गुणा पुंडलिक मिराशी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घरकाम, राहणार रामनगर, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, माझं डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणत्याही नशेत नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. नशेचं वकिलांनी मुद्दाम घालायला लावलं. फेणीत फळं घालणारी म्हणून मला सगळं रामनगर ओळखतं, तेव्हा पुढे कुणी शंका काढू नये.

१. राहतं घर आणि मागचं परसू मुलगा कान्हू आणि सून श्वेता या दोघांना सारख्या हिश्शाने. आई सुनेच्या बाजूची आहे असं कान्हूला वाटेल. वाटू दे, खरंच आहे ते.

२. बँकेतली ठेव कान्हूची. त्यातून माझ्या तेराव्याला जेवण चांगलं घालावं. वांग्याची भाजी करू नये, मी जन्मभर तोंड वाकडं करून खाल्ली आहे.

३. माजघरातल्या फळीवरच्या सगळ्या बरण्या श्वेताच्या. करवंदं, अननस, आवळे, भिरंड, मनुका, जे काही असेल ते. लग्न होऊन आली तेव्हा तिने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "आत्या, ह्यात साखर कमी पडलीया." पडलीच होती. त्याच दिवशी मी मनात ही बाब ठरवली. तिने एवढं सांभाळावं: फळ धुतल्यावर फडक्यावर पसरून पुरतं सुकवायचं, पाण्याचा अंश राहिला की बरणी गेली. करवंदाला लिंबाच्या काट्याने टोचायचं. उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची हलकी दारू, स्वस्त पडतो म्हणून तो ओतायचा नाही, त्यात फळ आंबतं, फेणीच लागते. आमचे हे ट्रकवर होते, गोव्याहून येताना फेणी आणायचे. कशी आणायचे ते चेकनाक्यावर कुणाला कधी कळलं नाही, तर इथे लिहिण्याचं कारण नाही. पाहुण्याला वाटीत दोन फळं द्यावीत आणि वर चमचाभर रस. ग्लास मागणाऱ्याला चहा द्यावा.

४. शेजारचे उमाजी यांनी माझी निळ्या काठाची बरणी लोणच्यासाठी म्हणून नेली ती आजतागायत परत केलेली नाही. ती त्यांनाच दिली असं समजावं, मात्र हे कलम तेराव्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं.

५. आता मोठ्या बरणीबद्दल. ती फळीवर नाही, माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत आहे, तोंडाला मेण लावलेलं आहे. आमचं माहेर सुप्याच्या धरणात गेलं. गाव खाली करायचं ठरलं त्या उन्हाळ्यात मी आणि माझी धाकटी बहीण बाळी सामान बांधायला म्हणून माहेरी गेलो, आणि सामान राहिलं बाजूला, आमच्या वडिलांनी, आबांनी, अंगणात लावलेल्या जांभळीखालीच बसलो. बाळी झाडावर आणि मी खाली पदर धरून उभी. ती जांभळं फेणीत घातली आणि दोघींनी मिळून उघडायची असं ठरवलं. आधी पोरंबाळं, मग सासरची दुखणी, दोघींना एकदम सवड कधी मिळालीच नाही.

मग बाळीच्या घरचा सत्यनारायण आला. बाळी जगलबेटला दिली आहे. तिची सून राखी बाळंतीण होती, म्हणून मी थंडीत खायला फेणीतल्या मनुका पाठवल्या. राखीला पडसं, नाकाला वास नाही. पूजेच्या दिवशी तिने त्या सगळ्या प्रसादाच्या शिऱ्यात घातल्या. भटजींनी तीन वेळा प्रसाद मागून घेतला आणि संपलेली कथा पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरू केली. बाळी भर मांडवात ओरडली, "आक्का, देवालाच पाजलीस व्हय गं?" मी म्हटलं, "देवानं तक्रार केली न्हाई, तू का करतीस?" यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून बाळी माझ्या घराची पायरी चढलेली नाही.

तरी मोठी बरणी माझ्यामागे बाळीला द्यावी. मला तिची फार आठवण येते. हे मी तिला तोंडावर सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर:

काल सह्या व्हायच्या होत्या. वकील मजकूर मोठ्याने वाचत होते. साक्षीला आलेल्या उमाजींनी चौथं कलम ऐकलं आणि चपला घालून निघून गेले. साक्षीलाच आलेले झिलू गावडे तेवढे बसून राहिले. दुसरा साक्षीदार आणायचा कुठून, असं चाललेलं असताना दारात बाळी. आक्का मृत्युपत्र करते आहे असं तिच्या कानावर गेलं होतं. "बरणी कुणाला दिलीस ते बघाय आलोय," म्हणाली.

वकिलांनी पाचवं कलम वाचलं. बाळीने डोळे पुसले. मग म्हणाली, "साक्ष मी देतो." वकील म्हणाले, जिला वस्तू मिळणार तिने साक्ष देऊ नये, पुढे वाद निघतात.

"मग काढून टाका की ते कलम," बाळी म्हणाली. "तू गेल्यावर बरणी घेऊन मी एकटी काय करू गं? आत्ता उघड."

मेण दगडासारखं झालं होतं. कान्हूने स्क्रू-ड्रायव्हरने काढलं. जांभळं काळीभोर, मऊ, रस काकवीसारखा. बाळीने पहिलं तोंडात टाकलं आणि डोळे मिटून म्हणाली, "अंगणात हाय बघ मी." वकिलांना दोन दिली, तिसरं मागितलं तेव्हा त्यांना अजून कागद लिहायचे आहेत याची आठवण करून दिली. बाळी रात्री इथेच राहिली. पहिल्या परिच्छेदातला नशेचा मजकूर खरा राहावा म्हणून सह्या आज सकाळी, चहा झाल्यावर केल्या आहेत.

सबब कलम पाच रद्द. त्याऐवजी एवढंच:

जांभळाच्या बिया बाळीने धुऊन पदरात बांधल्या आहेत. जगलबेटच्या परसात लावणार म्हणते, आबांचं झाड पुन्हा येईल म्हणते. इतकी वर्षं फेणीत राहिलेली बी उगवत नाही. हे तिला कुणी सांगू नये. पाऊस लागला की कान्हूने नर्सरीतून जांभळीचं लहानसं रोप आणावं आणि बाळी घरी नसताना तिने बी पुरलेल्या जागी लावून यावं. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

साक्षीदाराने सही तेवढी पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नाही, असं वकील म्हणाले. बाळीने चष्माही आणलेला नाही.

ठिकाण: रामनगर
दिनांक: १८ मे २०२५

लिहून ठेवणार: गुणा पुंडलिक मिराशी (सही)

साक्षीदार:
१. झिलू गावडे (सही)
२. बाळी, गुणाची बहीण (सही). वाढवलेला मजकूर वाचलेला नाही.