सत्तावन्न किलोचा पहिला नंबर

सदाशिव पेठ, पुणे
१८ जून २००१

ती. दाजींस, सा. न. वि. वि.

तुमच्या विश्वजीतच्या संगणकाच्या गावी तुम्ही आणि श्यामलाताई सुखरूप पोचलात, हे वाचून बरं वाटलं. मी फोन करत नाही म्हणून ताई रागावली आहे म्हणे. तिला सांगा, माझा डावा कान तिच्याच नवऱ्याने निकामी केला आणि उजव्याला सवय नाही. तेव्हा पत्रच बरं.

येरवड्याच्या आपल्या बॉक्सिंग क्लबला पन्नास वर्षं होताहेत. स्मरणिका निघते आहे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून लेखही माझ्याच गळ्यात पडला: जगातले सर्वश्रेष्ठ दहा फेदरवेट, म्हणजे सत्तावन्न किलोपर्यंतच्या आपल्या गटातले. माझ्या यादीत पहिला विली पेप. विमान कोसळून पाठ मोडली, तरी सहा महिन्यांत पुन्हा रिंगणात उतरला. दुसरा सँडी सॅडलर. तिसरा साल्व्हादोर सांचेझ, तेविसाव्या वर्षीच मोटार अपघातात गेला तो. नसीम हामेदला नववा ठेवला आहे, पण एप्रिलमध्ये केबलवर त्याला मार खाताना पाहिल्यापासून तेही जास्तच वाटतं.

लेखाच्या शेवटी चौकट येईल, आपल्या क्लबचा सर्वश्रेष्ठ फेदरवेट. तिथे तुमचं नाव, १९६७ चे शहर-विजेते म्हणून. करंडकासह फोटो आठ दिवसांत पाठवा. लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते फोटो आल्यावर पाहू.

आपला
रंगनाथ

बंगलोर
२७ जून २००१

प्रिय रंगनाथ, स. न. वि. वि.

तुझी यादी चुकली आहे. पेप आणि सॅडलर चारदा लढले, तीनदा सॅडलर जिंकला. मग पहिला कोण? विश्वजीतने इंटरनेटवरून अशा सहा याद्या छापून दिल्या. सहाही वेगळ्या. सूनबाई विचारत होती की मेलेल्या माणसांना नंबर देऊन करायचं काय.

इथे करमत नाही. सकाळपासून गच्चीवर फेऱ्या मारतो. विश्वजीत आणि सून कंपनीच्या बसने जातात, मग घरात आम्ही दोघं आणि फ्रिजची घरघर. श्यामला म्हणते, दोन दिवसांत चार वेळा बॅग उघडून बंद केलीत, शोधताय काय. फोटोचं म्हणशील तर तो काही सापडत नाही. चौकटीत दुसऱ्या कुणाचं नाव घाल. लोभ कमी करू नकोस.

तुझा
रावसाहेब

सदाशिव पेठ, पुणे
४ जुलै २००१

ती. दाजींस, सा. न. वि. वि.

सॅडलर तीनदा जिंकला, मान्य. पण कसा, तेही वाचा. धरून ठेवणं, कोपर मारणं, डोळ्यात अंगठा, सगळं चालायचं त्याला, अशी तक्रार लोक आजही करतात. नियम मोडून जिंकलेल्याला पहिला नंबर मी देणार नाही.

फोटोचं नाटक पुरे. ताईने मला कळवलं आहे की तो बॅगेतच आहे, तुमच्या धोतरांखाली. शुक्रवारी मजकूर छपाईला जायचा होता, तो तुमच्यासाठी थांबवला आहे. लोभ ताणू नये.

आपला
रंगनाथ

बंगलोर
११ जुलै २००१

प्रिय रंगनाथ, स. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. चौतीस वर्षं जे बोललो नाही, ते लिहितो.

आपल्या दोघांच्या त्या अंतिम लढतीच्या दिवशी मी फेदरवेट नव्हतोच. सकाळपासून घोंगडी पांघरून घाम काढला, पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी चारशे ग्रॅम जास्त भरत होतो. लंगोटसुद्धा उतरवून काट्यावर उभा राहिलो. रिवाजाप्रमाणे आडोशाला समोर टॉवेल धरला होता, तो तूच धरला होतास. मी टॉवेलच्या काठावर दोन्ही तळवे टेकले आणि अंगाचा थोडा भार त्यावर टाकला. काटा खाली आला. पंचांनी सत्तावन्न लिहून घेतले.

मी बाद झालो असतो, तर करंडक तुझा होता. करंडकाच्या जोरावर मिळालेली कारखान्यातली नोकरी तुझी होती. ती नोकरी बघूनच तुझ्या वडिलांनी मला श्यामला दिली. तू मुद्रितं तपासत राहिलास आणि मी तुझ्या वाट्याचं आयुष्य जगत आलो, असं वाटतं. त्या चौकटीत माझं नाव छापू नकोस. लोभ ठेव, असं कोणत्या तोंडाने लिहू?

रावसाहेब

सदाशिव पेठ, पुणे
१७ जुलै २००१

ती. दाजींस, सा. न. वि. वि.

दाजी, टॉवेल मी धरला होता. त्यावर कुणी भार टाकला तर धरणाऱ्याच्या हाताला कळणार नाही, असं तुम्ही चौतीस वर्षं समजत होतात?

मी टॉवेल सोडला असता, तर तुम्ही तिथल्या तिथे बाद. मी तो आणखी घट्ट धरला. न लढता मिळालेला करंडक मला नको होता. त्या संध्याकाळी मी तुम्हाला हरवणार, याची मला खात्री होती. तिसऱ्या फेरीत माझा डावा हात खाली आला आणि तुमचा उजवा कानावर बसला. ती चूक माझी, त्यात चारशे ग्रॅमचा काही हात नाही.

नंतर दोन वर्षं मात्र तुमचा फार राग आला होता. नोकरीसाठी नाही. आज सांगतील, उद्या सांगतील म्हणून मी वाट पाहिली आणि तुम्ही बोलला नाहीत, म्हणून. आता बोललात, ते मला पुरे आहे.

यादी तीच राहील. पेप पहिला, सॅडलर दुसरा. चौकटीत तुमचंच नाव आहे. मजकूर काल छपाईला गेला, तेवढी फोटोची जागा मोकळी ठेवली आहे. नावाखाली मी एक ओळ वाढवली: 'वजन सत्तावन्न किलो. वजनाच्या वेळी टॉवेल धरणारा: रंगनाथ.' ती कशासाठी, हे वाचणाऱ्यांना कळणार नाही. तुम्हाला कळेल.

फोटो पाठवा. ताईला नमस्कार. लोभ होता तिथेच आहे.

आपला
रंगनाथ