एकटीने हाताळलेला पेशंट

१८ एप्रिल
मुलाखतीचा मेल आला. पुण्याची इमर्जन्सीची फेलोशिप, दोन वर्षं. ९ मे, व्हिडिओवर. कॉलेजच्या मैत्रिणीला, नेहाला फोन केला, तिला गेल्या वर्षी तिथेच मिळाली. म्हणाली, एक प्रश्न ठरलेला: वरिष्ठ जवळ नसताना एकटीने हाताळलेला पेशंट सांगा. "तुझी ती सापवाली आहे ना? तीच सांग."

१९ एप्रिल
केस लिहून काढली. शेवंता, कोरगाव, पन्नाशीची, काजू वेचायला जाते. मार्चमध्ये एका सकाळी आरोग्य केंद्रात आली. मोठे डॉक्टर रजेवर, मी एकटी. पोटदुखी, डोळे जड. बागायतीतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, जमिनीवर निजली होती, तिथे मण्यार चावलेली. खूणसुद्धा नाही. ओळखलं, प्रतिविष चालू केलं. श्वास मंदावला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये म्हापशाच्या हॉस्पिटलपर्यंत हाताने श्वासाची बॅग दाबत नेलं. वाचली.
तीन मिनिटांत बसतं. नेहा म्हणते, भारी, फक्त हळू बोल.

२२ एप्रिल
मोठ्याने म्हणून बघते. "ओळखलं"पाशी अडकते.
मी ओळखलं नव्हतं. ती म्हणाली, "पोटात कळ मारता, काल ऊन लागला असात." मी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. ती उठून दारापर्यंत गेलीही. तिथे सुलभाताईंनी (आमच्या सिस्टर, वीस वर्षं इथेच) तिला अडवलं. हनुवटी धरून वर बघायला लावलं. पापण्या उचलेनात. "डॉक्टर, हिका धाडू नकात."
पुढचं सगळं मी केलं, ते खरं. पण ती दाराबाहेर गेली असती तर...

२३ एप्रिल
नेहाला सांगितलं. "मग काय? निर्णय तुझा, सही तुझी. सिस्टरचं नाव काढलंस तर म्हणतील, हिला एकटीला जमत नाही."
तेही खोटं नाही.

२ मे
कोरगावात तपासणी शिबिर. शेवंता काजूच्या बोंडूंची पिशवी घेऊन आली. सगळ्यांसमोर माझे हात धरले, "बाये, तुमी नसतास तर मी आज खंय!" सुलभाताई शेजारी बसून कोणाचं तरी बी.पी. मोजत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मी पिशवी घेतली.
घरी येऊन ती तशीच ओट्यावर ठेवली.

९ मे
मुळगावला, घरीच. आईने टीव्ही बंद ठेवला. पॅनेलवर तिघं. तो ठरलेला प्रश्न आलाच, दुसऱ्याच क्रमांकाला.
दार, गोळ्या, पापण्या, सगळं सांगितलं. पाच मिनिटं लागली बहुतेक. मधल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे निदान तुमचं नव्हतं?" नाही म्हटलं. "मग एकटीने काय केलंत?" प्रतिविष, बॅग, वाटेत दोनदा थांबलेला श्वास, सांगितलं. टक्कल असलेले डॉक्टर म्हणाले, "आणि सिस्टर रजेवर असत्या तर?"
"पेशंट घरी गेली असती, सर."
कोणी काही लिहिलं नाही. मग संशोधनाबद्दल दोन प्रश्न, थँक्यू.
नेहाला फोन केला नाही.

१२ मे
औषधांची मोजणी चालली होती तेव्हा सुलभाताईंना सांगितलं, मुलाखतीत तुमचं नाव घेतलं. त्या हसल्या. "माझा नाव कित्याक? तुमी पयल्यांदाच बॅग दाबलास, तरी हात कापलो नाय तुमचो." मग म्हणाल्या, त्यांच्याही हातून एकदा एक बाई अशीच घरी गेली होती, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. ती परत आली नाही. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाकडे दारात बघतात.  मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

२६ मे
निकाल नाही. सुलभाताईंच्या बदलीची ऑर्डर मात्र आली, वाळपईकडे. सोमवारपासून त्यांच्या जागी नवीन मुलगी, पहिलीच नोकरी.
आज बाहेरच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं. प्रत्येकाला दारापर्यंत जाताना बघत राहिले, म्हणून दोन वाजून गेले तरी रांग संपेना. ताई म्हणाल्या, "पुण्यासून काय आयला?" अजून नाही म्हटलं. आलं तर जाणार ना, म्हणाल्या.
हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.