स्टॅबिलायझर चोरीला गेला त्याची हकिकत

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (डावा पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे तूर्त सातच अंगांचा, आठवं येणं समजावं). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं घोरणं कमी झालं का, की तूच शेजारच्या खोलीत झोपायला लागलीस? आम्ही इकडे खुशाल आहोत असं यापुढे लिहायचं असतं, पण मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून ते वाक्य गाळतो.

मी विकाऊ घरांचे व्हिडिओ काढतो हे तुला ठाऊक आहे (तू लोकांना 'तो सिनेमात आहे' असं सांगतेस, ते कृपा करून थांबव). ज्याच्यासाठी काढतो त्या एजंटाला आम्ही घरात 'चौरसफूट' म्हणतो, कारण तो माणसाकडेही कोपऱ्यात मावेल का अशा नजरेने बघतो. त्याची तक्रार अशी, की माझ्या व्हिडिओत घर बोटीसारखं डुलतं. एका गिऱ्हाइकाला तर दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो मळमळायला लागलं. म्हणून मी स्टॅबिलायझर घेतला. फ्रिजचा नव्हे, ताई. हा एक दांडा असतो. वर कॅमेरा, खाली वजनं आणि मधे अशी सैल सांध्याची मूठ, की धरणारा हलला तरी कॅमेरा हलू नये. पण माझा कॅमेरा हलका, मुद्दाम हलका बघून घेतलेला. तो त्या दांड्यावर इतका हलका ठरला, की पंखा लावला तरी रुसल्यासारखा तोंड फिरवायचा. दुकानदार म्हणाला, याला वजन हवं. म्हणून लोखंडी चकत्या बसवल्या. कॅमेरा शांत झाला आणि माझं मनगट बोंबलायला लागलं. मग दुकानदार म्हणाला, जाकीट घ्या. म्हणजे अंगावर चढवायचं पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत, त्याला पुढे स्प्रिंगचा एक हात, त्या हातावर दांडा आणि दांड्यावर कॅमेरा. तुझी भावजय म्हणाली, "हलका म्हणून घेतलात, मग जड केलात, आता जड झाला म्हणून तिसरा हात आणलात. आधीच जड घेतला असतात तर?" (हा प्रश्न मी दुकानदाराला विचारला. तो काहीतरी दाखवतो म्हणून आत गेला आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.)

जाकीट घालून पहिल्याच कामाला गेलो. दुमजली घर होतं, जिना दाखवायचा होता. नजर कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठेवून मी ऐटीत उलटा उलटा चालत होतो. जिना माझ्या मागेही आहे हे ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. पाय तिथेच राहिला आणि मी खाली गेलो. धक्का त्याचा नाही. धक्का याचा, की मी गडगडत असताना स्प्रिंगच्या हाताने कॅमेरा अलगद तोलून धरला होता, आणि ते चित्रण माझ्या उभ्या आयुष्यातलं सर्वांत स्थिर निघालं. चौरसफुटाने ते पाहिलं आणि म्हणाला, "असंच नेहमी काढत जा."

पाय प्लास्टरमध्ये आणि डोंगरावरच्या बंगल्याचं काम तोंडावर. नाही म्हणून कळव, असं मी तुझ्या भावजयीला सांगितलं. तिने "बरं" म्हटलं. (तिच्या 'बरं'चा अर्थ होकार असतो असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.) दुसऱ्या दिवशी जाग आली तर खुंटीवर जाकीट नाही, दांडा नाही, कॅमेरा नाही! मी अंथरुणातूनच "चोर! चोर!" म्हणून ओरडलो. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. बाबा कुठे आहेत विचारलं, तर म्हणे फिरायला गेलेत.

संध्याकाळी चौरसफुटाने बंगल्याचा व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं होतं, 'आज कमाल केलीत. पाय बरा दिसतोय.' ताई, विचार कर. म्हणजे चोर माझं सामान पळवतो आणि वर माझंच काम करून देतो? मी बघायला लागलो. काय चित्रण होतं! दारातून आत, बैठकीतून व्हरांड्यात, पाण्यावरून पान वाहत जावं तसं. मग कॅमेरा झोपायच्या खोलीत वळला, समोर कपाटाचा मोठा आरसा आला, आणि त्या आरशात जाकीट घातलेले, एक हात खिशात घातलेले, शीळ वाजवायच्या बेतात असलेले आपले बाबा! (चौरसफुटाने आरशातही खोलीचं मापच पाहिलं असणार.)

त्यांचे हात किती थरथरतात ते तू पाहिलंच आहेस. खुर्चीत बसलेली गिऱ्हाइकं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागली तेव्हा त्यांनी आपणहून वस्तरा मिटला आणि सलूनला कुलूप घातलं. तेव्हापासून मी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. आणि हे बंगला उचलून घेऊन आले!

"बाबा, हे काय?" मी विचारलं.

"धूळ पुसत होतो," ते म्हणाले. "परवाच. सहज उचलला. बघतो तर हात हलतोय आणि पडद्यावरचं चित्र हलत नाहीये. सूनबाईला हाक मारून दाखवलं. मला वाटलं, डोळेही गेले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाला असतास, बाबा, ठेवा खाली."

ताई, मी तेच म्हणणार होतो.

काल चौरसफूट घरी आला. थोरल्यांनाच पाठवत जा म्हणाला, माझ्यादेखत! बाबा त्याच्यासमोर चहा प्यायले. सलूनला कुलूप घातल्यापासून पहिल्यांदाच परक्या माणसासमोर, ताई. अर्धा बशीत, थोडा सदऱ्यावर सांडला, तरी यांचं बोलणं चालूच. कुठली खिडकी कधी उजळते ते त्याला समजावत होते. तुझी भावजय उगाच आत जाऊन डबे लावायला लागली. मला मात्र काळजी वाटते. या वयात अंगावर एवढं ओझं, परक्यांचे जिने, उन्हातान्हाचं फिरणं. तेव्हा तू त्यांना विश्रांतीसाठी महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे, हे विनंतीवजा सांगणं.

बाकी सर्व कळलंच असेल. आहे तो लोभ जपून ठेव.

तुझा,
आडवा पडलेला भाऊ

ता. क. : त्यांना मुळीच बोलावू नकोस. चौरसफुटाने आणखी घरं दिली आहेत. त्यांनीच येतो म्हटलं तर तुमच्याकडे रंगकाम चालू आहे असं सांग.

ता. क. चं ता. क. : बाबा तुझं ऐकतात. पुढच्या आठवड्यात माझं प्लास्टर निघेल. एखाददुसरा दिवस मलाही तो दांडा हातात द्यावा, एवढं फोनवर त्यांच्या कानावर घाल. मी विचारून पाहिलं. "आधी नीट चालायला शिक," म्हणाले.