साडेसातचं रेकॉर्डिंग

अहो पिंकीचे पप्पा,

पत्र-बित्र लिहिणारी मी नाही, तुम्हाला माहीत आहे. पण आज तुमच्या त्या टीव्हीच्या रेकॉर्डिंगच्या डब्याची हार्ड डिस्क बदलली आणि त्या भानगडीत तुमची एक चोरी पकडली गेली. मग गप्प कशी बसू? समोर असतात तर चांगलं फैलावर घेतलं असतं. समोर नाही, म्हणून कागद घेतला.

तुम्ही जाऊन तीन महिने झाले, तरी तुमचा डबा कामावर होता. रोज संध्याकाळी साडेसातला त्याचा लाल दिवा लागायचा आणि माझी मालिका रेकॉर्ड व्हायची. तुम्हीच 'रोज' म्हणून लावून ठेवलेलं ना! पुण्यानुमोदनाच्या दिवशीसुद्धा विहारातली माणसं घरात बसलेली, गाथा चाललेल्या, आणि याचा दिवा लागला. पिंकी बंद करायला उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

एकही भाग बघितला नाही हो मी. नुसती यादी उघडायची. तुमच्या मागे ती वाढतेय, एवढ्यानंच बरं वाटायचं.

मग डबा रेंगाळायला लागला. रिमोटचं बटण दाबावं, चहाचं आधण ठेवून यावं, तेव्हा कुठे यादी उघडणार. चित्र मध्येच अडकायचं आणि आवाज पुढे निघून जायचा. मी बंद करून चालू केला, वायरी काढून, पुसून परत लावल्या, टेबलफॅन त्याच्यासमोर आणून ठेवला. पिंकीने जुने पिक्चर पुसून जागा केली. काही फरक नाही! आतून टकटक आवाज येतच राहिला. "आई, फेक आता हा," पिंकी म्हणाली, "लोक नवीन घेतात." तिला काय सांगणार? मला तो लाल दिवा हवा होता. तुम्ही लावलेलं आणि अजून चालू असलेलं, असं घरात दुसरं काय उरलं होतं?

शेवटी कॅम्प चारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या नानिकला बोलावलं. तोच, ज्याने डबा बसवला होता. आल्या आल्या त्याने माझं क्रोशाचं कव्हर उचललं आणि कपाळाला हात लावला. "भाभी, मशीनला स्वेटर घातला काय? हवा जायला जागाच नाय. डिस्क आतमध्ये शिजली ना!"

तुम्ही दोनदा सांगितलं होतंत, कव्हर काढ, डबा तापतो. मी म्हटलं, धूळ बसते. फोनला घातलंय, मिक्सरला घातलंय, फ्रीजच्या हँडललासुद्धा घातलंय, मग यालाच काय धाड भरली? चुकलं माझं. घ्या, लिहून दिलं.

नानिक म्हणाला, डिस्क बदलावी लागेल. जुनं सगळं जाणार आणि लावलेलं टायमिंगही जाणार. "त्याला कंपनीचं लॉक असतं भाभी, दुसरीकडे काढता येत नाय." मी हो म्हणेना आणि नको म्हणेना. तो बिचारा पेचकस हातात धरून बसून राहिला. मग उगाच डब्याची मागची बाजू बघत म्हणाला, "डिशची अजून एकच वायर? मग भाऊ न्यूज कसे बघायचे?"

"बघायचे की. माझी मालिका रेकॉर्ड व्हायची आणि त्याच वेळी हे बातम्या बघायचे."

"नाय भाभी. एका वायरवर रेकॉर्डिंग चालू असेल तर दुसरा चॅनेल लागतच नाय. मी तेव्हाच बोललो होतो, दुसरी वायर टाकू. तुम्हीच बोललात, आत्ताच रंग दिलाय, भिंतीला अजून भोक पाडायचं नाय."

मी मनातल्या मनात वेळा जुळवल्या.

म्हणजे दोन वर्षं मी तिकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळच्या ड्यूटीवर केसपेपर काढत होते, आणि तुम्ही घरी बसून माझी मालिका बघत होतात? तुम्ही! बातम्यांच्या वेळी घरात कोणी खोकललेलं चालायचं नाही तुम्हाला! नवाला मी घरी आले की ताटं घेऊन बसायचो. मी विचारायची, "काय म्हणतात बातम्या?" तुम्ही म्हणायचात, "नेहमीचंच." मग मालिका लावायची. त्यात ती जाऊबाई रडायला लागली की तुम्ही भाजी वाढून घेता घेता म्हणायचात, "बघ हं, आता दार वाजणार. हिचा नवरा आला असणार." आणि खरंच दार वाजायचं! अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत मी सांगत फिरले, आमच्या ह्यांचं डोकं काय चालतं म्हणून! लबाड कुठले. एकदा तरी बोलायचं होतंत. मी भिंतीपायी अडून बसले नसते. बसलेही असते कदाचित. पण तुम्ही बोलायचं तरी!

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी इतकी हसले की पिंकी आतून धावत आली. तिला वाटलं मी रडतेय. नंतर रडलेही, थोडी. एवढे दिवस मला वाटत होतं, तुम्ही त्या यादीत आहात. पण यादीत सगळं माझंच होतं हो. तुमचं त्यात काय होतं? नानिकला चहा दिला आणि म्हटलं, काढ ती डिस्क.

नवी डिस्क बसली. यादी एकदम कोरी, आणि बटण दाबलं की झटकन उघडते. "आता तरी दुसरी वायर टाकतो," नानिक म्हणाला. "सीरियल पण होईल, न्यूज पण होईल." त्याने पिशवीतून ड्रिल काढलंसुद्धा. मी म्हटलं, नको, एकच राहू दे. त्याला वाटलं, ही बाई अजून भिंतीलाच जपतेय. वाटू दे.

मग आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः टायमिंग लावलं. साडेसात, तुमच्या बातम्या, रोज. पिंकी म्हणते, "आई, नवाला शिळ्या बातम्या कोण बघतं?"

मी बघणार. आमच्या मालिकेत पुढे काय झालं ते मी कोणाला विचारणार नाही, आणि दवाखान्यात बायका सांगायला लागल्या तर उठून जाणार. दोन वर्षं तुम्ही माझं बघितलंत. आता दोन वर्षं मी तुमचं बघणार, एका दिवसाचा खाडा नाही. शब्द दिला.

तुमची,
शोभा