येसणीची झडती

आबा, परवा नवीन जालन्यात एका हॉलमध्ये तुमची झडती ऐकली. शाळेच्या मुलींनी म्हटली. डोक्यावर एकसारखे भाड्याचे फेटे, समोर टेबलावर मातीचे रंगवलेले बैल, आणि मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की झडती ही लोप पावत चाललेली लोककला असून ती जपणं आपलं कर्तव्य आहे. मी पहिल्या रांगेत होतो. मला हल्ली जाणकार म्हणून बोलावतात. दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत हमालीपासून सुरुवात केली, यंत्रं उघडून उघडून शिकलो, आणि झडत्या गावोगाव फिरून गोळा केल्या, तेही कुणी न शिकवता. त्याचा मला अभिमान आहे. तुम्हाला तो कधी आवडला नाही, हेही माहीत आहे.

झडती म्हणजे काय, हे आता लोकांना सांगावं लागतं. मी माइकवर सांगितलं. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सजवलेल्या जोड्या त्याच्यासमोर उभ्या राहतात, आणि बैलवाला पुढं होऊन चार-सहा ओळी ठणकावून म्हणतो. वर्षभर जे कुणाच्या तोंडावर बोलता आलं नाही, ते त्या दिवशी यमक जुळवून बोलायचं. पाटलालाही राग धरायची मुभा नसते. ज्याच्यावर झडती पडली त्यानं तिथंच उलट झडती म्हणून उत्तर द्यायचं. दिलं नाही, तर ती त्याच्या अंगावर राहते. मग हर हर महादेव होतो, तोरण तुटतं, पोळा फुटतो. एवढं सगळं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलींनी म्हटलेली झडती कुणावर पडली होती, ते मात्र सांगितलं नाही.

ती पडली त्या वर्षी मला कंपनीत लागून काहीच महिने झालेले. तुम्ही दरवर्षी पोळ्याआधी ओट्यावर बसून, धोतर वर सारून, उघड्या मांडीवर सूत वळून बैलांच्या येसणी करायचे. नाकातून जाणारी दोरी, ती दुसऱ्याच्या हातची नको, असा तुमचा हट्ट. मला वाटलं, आबांची मांडी सोलवटते, यंदा आपण आणू. बाजारातून नायलॉनच्या दोन येसणी घेतल्या, तांबड्या-पिवळ्या, चकचकीत. पोळ्याच्या सकाळी तुम्ही नदीवर बैल धुऊन आणले आणि आंघोळीला गेले, तेवढ्यात मी जुन्या येसणी काढून नव्या घातल्या. तुम्हाला दाखवायचं होतं. आई म्हणाली, "आरं, त्यायला विचारलं का?" मी म्हणालो, "बघ तर खरी, कशी शोभून राह्यली."

तुम्ही बाहेर आले. पवळ्या बैलाच्या नाकाकडं पाहिलं. रक्ताचा एक बारीक ओघळ ओठापर्यंत आला होता. तुम्ही शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ओघळ पुसला, हळद भरली, जुनी येसण परत घातली, आणि नायलॉनची खिशात टाकली. मला वाटलं, मिटलं. चार वाजता तोरणाखाली तुम्ही पुढं झाले, ती येसण खिशातून काढून सगळ्या गावाला दिसेल अशी वर धरली, आणि म्हणाले:

पिवळा गोंडा, तांबडा गोंडा, शिंगाला मारला रंग,
माझ्या पोराचं कौतिक पाहा, आलं कंपनीच्या संग.
बैलासाठी आणली त्यानं चकचकणारी येसण,
नाकातून आलं रगत, तरी म्हणतं हाय फॅशन.
मांडीवरती दोर वळून माझी कातडी गेली,
ह्याची मांडी खुर्चीवरती मऊ मऊ झाली.

खुर्ची कुठली, मी तेव्हा पोती वाहत होतो, पण सगळं गाव हसलं. हसण्यासारखीच होती, मी आता इतक्या झडत्या पाहिल्यात की तेवढं नक्की सांगू शकतो. सगळे माझ्याकडं वळले, कारण आता उत्तर माझं. मला एक ओळ सुचेना. तुमचा चुलतभाऊ ओरडला, "बोल की भाऊ, का नायलॉननं जीभ बी बांधली?" पुन्हा हसणं. मी गर्दीतून निघालो, मोटरसायकलला किक मारली आणि जाफराबादवरून सरळ जालना गाठलं. पुरणपोळी ताटात तशीच राहिली, असं आई नंतर म्हणाली. तुम्ही त्यावर काय म्हणाले, ते तिनं सांगितलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला तेव्हा कळली नाही, ती आज सांगतो. दोष नायलॉनचा नव्हता. नायलॉनचं टोक उसवू नये म्हणून दुकानदार ते जाळून देतो, आणि जळलेल्या टोकाला काचेसारखा टणक मणी धरतो. मी गाठ मारताना तो मणी आत, नाकपुडीकडं राहिला. बाहेर ठेवला असता तर काही झालं नसतं. आज सुती येसण मागितली तर दुकानदार तोंडाकडं बघतो, आणि बैल नायलॉनवर बराबर चालतात. चूक गाठीची होती, आबा. तुम्ही दोरीला नावं ठेवली, आणि मला.

त्या पोळ्यानंतर मी झडत्यांच्या मागं लागलो. लोकांना वाटतं प्रेमापोटी. प्रेम नंतर आलं असेल. आधी राग होता. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली उत्तर द्यायचं म्हणून ज्या गावात चांगला झडतीवाला असल्याचं कळलं तिथं जायचो, त्याला घरी गाठून म्हणायला लावायचो, यमक कुठं टाकतात, श्वास कुठं घेतात, ते पाहायचो. उत्तर तयार झालं. पोळ्याला ते घेऊन आलो, तर गोठा रिकामा. तुमचा गुडघा गेल्ता, वखर धरणं होईना, जोडी तुम्ही महिनाभर आधीच विकली होती, मला न कळवता. आणि ज्याच्या दावणीला बैल नाही त्यानं तोरणाखाली तोंड उघडायचं नाही, हा गावाचा कायदा. तुम्ही ओट्यावरून उठलेही नाहीत. माझी झडती पोटातच राहिली. म्हणजे तुमची शेवटची झडती ती, आणि ती माझ्यावर.

नंतर तुम्ही आमच्याकडं जालन्याला राहायला आले, तेव्हा मी एकदा विचारून पाहिलं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून दुधात भाकरी कुस्करत होते, तुमची सून पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, "आबा, तुमच्या जुन्या झडत्या सांगा, मी उतरून घेतो."

"कायला?"

"राहतील. न्हाईतर जातील."

"जायलाच असत्यात. पोळा फुटला की झडती संपली. दारात बैल न्हाई, वेशीत तोरण न्हाई, आन चुलीपुढं बसून झडती? लोणचं घालायचं का तिचं?"

सून हसली. तुम्हीही हसले. मी म्हणालो, "मंग ती येसणीची तरी सांगा." तुम्ही वाटी तोंडाला लावली, दूध संपवलं आणि म्हणाले, "ती मला आठवत न्हाई." तुम्हाला वीस वर्षांपूर्वीचा बैलाचा दात आठवायचा, आबा. खोटं बोलायचं होतं तर जरा बरं तरी बोलायचं.

तुम्ही काहीच ठेवून गेले नाहीत. पाटलाच्या विहिरीवरची गेली, मास्तरच्या सायकलवरची गेली. राहिली फक्त ती एक. लोकांना आवडली म्हणून ती शेजारच्या गावांनी उचलली. दुसऱ्याच्या पोराला कशाला बोलायचं, म्हणून कुणीतरी तिच्यात पाटलाचा जावई घातला. जावयाला बोललेलं सगळ्यांनाच चालतं. आता मोबाइलवर तीच, शाळेच्या स्नेहसंमेलनात तीच, आणि परवा हॉलमध्येही तीच: 'पाटलाचा जावई पाहा, आला गाडीच्या संग.'

कार्यक्रम संपल्यावर तो ठेवणाऱ्या मंडळाच्या बाई झडत्यांच्या पुस्तकाची छापायची पानं घेऊन माझ्याकडं आल्या. तुमची झडती पहिल्याच पानावर. "काका, एकदा नजर टाका. बराबर आहे ना?" चित्रात येसण बैलाच्या तोंडावरून नेली होती, ती नाकातून जाते, हे मी काढून दाखवलं. 'रक्त' खोडून 'रगत' केलं. मग दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं. बाई चहा पीत उभ्या होत्या. काही न बोलता पान उलटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? त्या पोळ्याला हसलेले निम्मे लोक वारले, आणि उरलेले पुस्तक वाचत नाहीत.

मी म्हणालो, "हा जावई चुकीचा आहे. मूळ ओळ 'माझ्या पोराचं कौतिक पाहा' अशी आहे."

"म्हणजे म्हणणाऱ्याचा स्वतःचा मुलगा?" बाई म्हणाल्या. "भर गावात बाप असं बोलेल?"

"बोलला."

"पण काका, सगळीकडं जावईच मिळतो. तुम्हाला खात्री आहे?"

"मी समोर उभा होतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि जावई खोडला. जाताना चार लोकांना सांगत होत्या, काकांसारखा काटेकोर माणूस पाहिला नाही, एका ओळीसाठी अडून बसले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्ही असते तरी हातात दिलं नसतं, आणि दिलं असतं तरी तुम्ही ते घडी घालून पाटाखाली सरकवलं असतं. म्हणून खरं लिहून टाकतो. मी काटेकोरपणासाठी अडलो नव्हतो. तुम्ही जन्मभर झडत्या म्हटल्या, गावातलं कुत्रंसुद्धा त्यात येऊन गेलं. माझा उल्लेख फक्त त्या एका ओळीत आहे. तिथंच तुम्ही साऱ्या गावासमोर मला 'माझं पोर' म्हणाले. ती ओळ पाटलाच्या जावयाला द्यायची माझी तयारी नव्हती.