विहाराचा कोबा

आसेगाव, १६ एप्रिल १९७४

चि. गोविंदास दादाचा जयभीम. वि. वि.

खुशाली लिहीत नाही, कारण खुशाली नाही. विहाराचा नवा कोबा बिघडला. बोट फिरवलं की भुकटी निघते. अन् हे तुह्या पत्रानं झालं.

तू नागपूरच्या कॉलेजात सिमेंटच्या प्रयोगशाळेत कामाले, म्हणून तुहं पत्र आलं की मी विहारापुढं साऱ्यायले वाचून दाखवतो. यावेळी तू लिहिलं, कोळशातून निघणारा वायू काँक्रीट पिते अन् दगड होते. तुमी पेटीत वायू कोंडून वर्षांचं काम महिन्यात करता. पहिलं पान संपलं अन् टाळ्याच वाजल्या. कोबा आदल्याच दिवशी टाकलेला. लोक म्हणाले, बुद्धपौर्णिमा तोंडावर आली, वाट कायले पाहाची? पाणी मारणं थांबवलं, दारं लावली, कोळशाच्या सहा शेगड्या पेटवल्या. आत राखण बसलेल्या ग्यानबाले भोवळ आली, त्याले उचलून बाहेर काढलं.

दुसरं पान म्या दुसऱ्या दिवशी वाचलं. त्यात तू लिहिलं, ओल्या कोब्यावर हे करू नका! हे आधी लिहाले काय झालं होतं तुले? परमिटासाठी वर्षभर तहसिलीच्या चकरा मारल्या. आता एक पोतं सिमेंट भेटत नाही. मायनं डोक्यावर रेती आणली होती. ती माह्याशी बोलून नाही राह्यली.

तुहा दादा,
देवमन

नागपूर, २१ एप्रिल १९७४

तीर्थरूप दादास गोविंदाचा सविनय जयभीम.

पत्र वाचून डोकंच धरलं. दादा, पत्र काय भाषण असते? आमच्या पेटीतले ठोकळे आधी महिनाभर पाण्यात मुरलेले असतात. तुमी पाणी तोडून वायू दिला, वरचा थर कच्चाच राह्यला. जुनं काँक्रीट हवेतून तो वायू आपसूक पिते, पण नखभर आत जायले वर्षं लागतात. अन् छतात लोखंड आहे. वायू तिथवर पोचला की गंज धरते. तवा पुन्हा शेगडी पेटवाल तं खबरदार!

इथं साहेब मले बाटल्या धुवायले लावतात, गावात मात्र मी इंजिनेर. तुमीच चढवता, तुमीच शिव्या देता.

कोबा तपासाच्या औषधाची बाटली पार्सलनं धाडली. कोबा विटेनं घासा, भुकटी झाडा, थेंब टाका. गुलाबी झालं तिथं वायू पोचला नाही, खालचा माल शाबूत. त्याले रोज पाणी पाजा. सुटी भेटत नाही, नाहीतर मीच घासाले आलो असतो. मायले सांगा, माही चूक झाली.

रागावलात तरी माया राहू द्या.
गोविंदा

आसेगाव, ८ मे १९७४

चि. गोविंदास जयभीम.

घासून घासून बोटं सोलली. थेंब टाकले, गुलाबी झालं. रोज पाणी पाजलं. तरी जागोजागी भुकटी येतेच. काय करावं सांग!

परवा पौर्णिमा झाली. सारे पांढऱ्या कपड्यात आले, वंदनेले बसले. उठले तं साऱ्यायच्या मागं राखेवानी डाग. मी शरमेनं बाहेरच उभा. लोक कपडे झटकत निघाले.

मायनं लुगडं झटकलं नाही. तशीच गावातून चालत घरी आली. तुही वहिनी गंगू झटकाले गेली, तं तिचा हात धरला. म्हणाली, रेती माही, सिमेंट एका लेकानं आणलं, बिघडवलं दोघायनं मिळून. पण मी जल्मात पहिल्यांदा आपल्या विहारात बसली. झटकू कायले?

लुगडं न धुता दांडीवर ठेवलं आहे. तू आल्यावर धुईन म्हणते. लवकर ये.

तुहा दादा,
देवमन